आन्स्के नावाचा बटाटा

आन्स्के वासेनारला एका जागी स्वस्थ बसलेलं कोणी पाहिलं असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. प्रयोगशाळेत ती उभ्यानेच काम करायची, कॉफीही खिडकीशी उभी राहूनच प्यायची. सोमवारच्या बैठकीत सगळे खुर्च्यांवर टेकले, की ही आपली दाराच्या चौकटीला खांदा लावून एका पायावरून दुसऱ्या पायावर. "बाई गं, तुझ्याकडे बघून मलाच दम लागतो," असं तिच्या प्रमुख हेर्मिनाबाई म्हणायच्या. पण हा दोष तिचा एकटीचा नव्हे. वासेनारांच्या घरात कोणी बूड टेकलं, तर त्याला ताप आहे असं समजतात. तिचा बाप हेस्सल जेवताना दोन घासांच्या मधे उठून खिडकीतून शेत बघून येतो. शेत पळून जात नाही, हे त्याला बायको लग्न झाल्यापासून सांगते आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र आन्स्केची चुळबुळ निराळीच होती. काम सोडून ती हरितगृहात जायची, तिथून परत यायची, हात धुवायची, पुन्हा जायची. तिच्या हातात एक बातमी आली होती, आणि ती बातमी ज्याला सांगायची तो माणूस तिचा बाप होता.

ती जिथे काम करते त्या बियाणे संस्थेत दर वर्षी बटाट्याची हजारो नवी रोपं उगवतात, आणि त्यातली बहुतेक शेताचं तोंड न बघताच मरतात. त्यांना मारणारी आन्स्के. रोप बोटभर झालं की तिने त्याच्या पानाची टिकली कापायची, ती कुटून रसायनात घालायची आणि यंत्राच्या तोंडी द्यायची. रोपाच्या जनुकांमध्ये ठरावीक जागी ठरावीक खुणा असतात. करप्याला दाद न देणाऱ्या बटाट्याची खूण एक, मातीतल्या सूत्रकृमींना पुरून उरणाऱ्याची दुसरी. खूण सापडली तर रोप कुंडीत जातं, नाही सापडली तर खतात. पूर्वी हेच कळायला शेतकऱ्याचे कितीतरी उन्हाळे खर्ची पडत. आता जेवणाच्या सुट्टीआधी निकाल लागतो. आन्स्केला हे काम आवडतं, कारण त्यात वाट बघावी लागत नाही.

तिचा बाप मात्र उन्हाळे खर्ची घालणाऱ्यांपैकी. आमच्या बिल्ट नावाच्या मुलखात समुद्राच्या बांधाआड जी चिकणमाती आहे, तिच्यात जो तो बियाण्याचा बटाटा लावतो. त्यातल्या काहींना आणखी एक खाज असते. नवा वाण काढायची. गोठ्याच्या खिडकीत दोन कुंड्या ठेवून एका झाडाचा पराग कुंचल्याने दुसऱ्याच्या फुलाला लावायचा, फळातलं बी पेरायचं, आणि शेकडो रोपांतून एखादं निवडून ते वर्षानुवर्षं लावत राहायचं. संस्थेला ते पसंत पडलं तर देशाच्या यादीत त्या बटाट्याला नाव मिळतं. नाव बहुधा बाईचं असतं. बायकोचं, आईचं, मुलीचं. त्यामुळे आमच्या गावात कोणाचीही आजी बाजारात पोत्यात मिळते, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

हेस्सलच्या घरातलं कोणीच अजून पोत्यात गेलं नव्हतं. त्याच्या चराच्या पलीकडे राहणाऱ्या वीबे टेर्प्स्ट्राची आई मात्र गेली होती. यित्स्के नावाचा वीबेचा बटाटा आता पोलंडपर्यंत लावतात. वीबे आणि हेस्सल शाळेपासूनचे दोस्त. दोघांनी एकाच तुकड्यात आपापली रोपं शेजारी शेजारी लावली, एकाच यंत्राने काढली, एकाच गोदामात ठेवली. मग यित्स्के यादीत गेली, आणि त्या हिवाळ्यात गावच्या सभागृहात चवीची संध्याकाळ झाली. त्या संध्याकाळी सगळे हौशी मिठाशिवाय उकडलेले बटाटे चाखून शहाण्यासारखे चेहरे करतात. हेस्सलने यित्स्केचा एक तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "पाणचट आहे. डुकरं खातील, पण आधी जरा विचार करतील." लोक हसले. वीबे हसला नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. चर आहे एका उडीएवढा, पण त्यावरची फळी दोघांपैकी कोणी ओलांडली नाही.

आणि मग हेस्सलला त्याचा बटाटा सापडला. त्याने स्वतः केलेल्या संकरातला, स्वतः निवडलेला. पिवळी, किंचित खरबरीत साल, शिजल्यावर न फुटता अखंड राहणारा, पीकही भरघोस. संस्थेने तो चाचणीला घेतला. मागच्या उन्हाळ्यात आन्स्केनेच त्याच्या खुणा तपासल्या, तर करप्याचीही निघाली आणि सूत्रकृमीचीही. हेस्सल त्या दिवशी गावभर सायकल घेऊन फिरला. गोदामातल्या पेटीवर त्याने पांढऱ्या रंगात मुलीचं नाव रंगवलं. पाववाल्यापासून पाद्रीबाईंपर्यंत सगळे तिला चिडवू लागले. "काय आन्स्के, यंदा सालासकट की सोलून?" ती वरवर वैतागायची. मनातून तिला फार बरं वाटायचं, आणि तेच तिला आता खात होतं.

यादीत नाव जाण्याआधी एक शेवटची तपासणी असते. नव्या वाणाच्या सगळ्या खुणा जुन्या सगळ्या वाणांशी ताडून बघायच्या, म्हणजे कोणाचा माल कोणाच्या नावावर जाऊ नये. हे काम इतकं बिनधोक समजलं जातं की आन्स्केने ते करताना रेडिओ लावला होता. पडद्यावर खुणांच्या दोन ओळी एकाखाली एक आल्या. वरची बापाच्या बटाट्याची, खालची यंत्राने शोधून काढलेल्या जुळ्याची. वरच्या प्रत्येक ठिपक्याखाली तसाच ठिपका होता. खालच्या ओळीचं नाव होतं यित्स्के.

तिने रेडिओ बंद केला. नळ्यांची अदलाबदल झाली असेल असं म्हणून ती घरी जाऊन पेटीतले बटाटे घेऊन आली, खिडकीत ठेवून त्यांना कोंब आणले, पानं स्वतः तोडली, सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा यित्स्के. मग बापाने ज्या दोन वाणांचा संकर केला होता त्यांच्याशी ताडून बघितलं. ना आईचं नाक, ना बापाचे कान. हेस्सलने इतकी वर्षं मांडीवर घेऊन वाढवलेलं पोर शेजाऱ्याचं होतं.

हेर्मिनाबाईंना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे होतं कधी कधी," त्या म्हणाल्या. "त्यांना मी फोन करू का?"

"नको. मी सांगते."

"सोमवारी मला यादीचा अर्ज मागे घ्यावा लागेल. त्याआधी सांग. परक्या माणसाकडून कळायला नको."

सांगते म्हणणं सोपं होतं. आन्स्के सायकलवर बसली आणि बांधावरून दिवेलागणीपर्यंत वाऱ्याविरुद्ध पॅडल मारत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने धुतलेली गाडी परत धुतली. कपाट रिकामं केलं, भरलं. वाक्यं जुळवली, मोडली. तिला बापाचा राग येत होता, की एवढी चाळीस एकर जमीन डोळ्यांखालून घालणाऱ्या माणसाला आपल्याच वरंब्यातलं दिसू नये. स्वतःच्या यंत्राचा तर त्याहून आला. आयुष्यभर तिने अनोळखी रोपं खतात फेकली होती, एकदाही हात थरथरला नव्हता. शेवटी तिने फोन लावला.

"बोल गं," हेस्सल म्हणाला. मागे वारा घोंघावत होता, म्हणजे तो फोन घेऊन शेतातच हिंडत होता.

"बाबा, ते बटाट्याचं..."

"हां, तेच सांगणार होतो. पोस्टमनला सांगितलं आज. म्हटलं, पुढच्या वर्षी माझी पोरगी पोत्यातून घरी नेशील. लाजला बिचारा."

"बाबा, ऐका ना जरा."

"ऐकतोय की. अगं, वीबेनं बघितलं आज चरापलीकडून. मी पेटी मुद्दामच बाहेर काढून ठेवली होती. नाव त्याच्या बाजूला करून."

 "रविवारी जेवायला येते," एवढं म्हणून आन्स्केने फोन ठेवला.

रविवारी तिच्या आईने, हिल्डाने, नेहमीसारखे बटाटे उकडून त्यावर मांसाचा रस्सा घातला होता. हेस्सलने वाढून घेतलं, खाल्लं, उठला, खिडकीतून बघितलं, बसला, परत वाढून घेतलं. "ही चव बघ," तो म्हणाला. "पीठही होत नाही, चिकटही होत नाही. आन्स्के, तू खात का नाहीस? स्वतःला खायला लाजतेस की काय?"

"तुझं काहीतरी बिनसलंय," हिल्डा मुलीला म्हणाली. "आल्यापासून तीच मिठाची बाटली सरकवते आहेस. नोकरी गेली?"

"नाही."

"मग कोणी माणूस?"

"आई, माणूस नाही. बटाटा." आन्स्के उभी राहिली. बसून सांगणं तिला जमणारच नव्हतं. "बाबा, तो आपला नाहीये."

"काय आपलं नाही?"

"बटाटा. तुम्ही ज्या दोघांचा संकर केला होता, त्यांचं त्यात काही म्हणजे काही नाही."

हेस्सलने काटा खाली ठेवला नाही. "यंत्र चुकलं असेल."

"परत केलं. तुमच्याच पेटीतले बटाटे नेले, पानं मी तोडली. मला काय कमी वाईट वाटलं का? सगळं करून बघितलं."

"मग कोणी बदलले असतील पेटीतले. गोदामाला कुलूप नसतं."

"बाबा, संस्थेकडे तुम्ही पहिल्या वर्षी जे दिले होते, ते जपून ठेवलेत. तेही तसलेच."

"कोणाचा आहे?" हे हिल्डाने विचारलं.

आन्स्केने खुर्चीची पाठ धरली. "यित्स्के आहे."

 हेस्सलने काट्यावरचा तुकडा डोळ्यांसमोर धरला, उलटापालटा करून बघितला, आणि तोंडात घालून सावकाश चावला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी मी वीबेची आई उकडते आहे," हिल्डा म्हणाली. "आणि तू दोनदा वाढून घेतोस."

आन्स्केला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले. हेस्सल हसला नाही, रागावलाही नाही. संस्थेच्या माणसाने मागे एकदा सहज म्हटलं होतं की हा थोडा वीबेच्या बटाट्यासारखा दिसतो. तेव्हा त्याने त्या माणसाला फाडून खाल्लं होतं, की बटाटे सगळे गोलच असतात, तुम्हाला काय लंबचौकोनी हवेत. ते त्याला आता आठवलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

"पण आला कसा?" त्याने विचारलं.

"तुम्ही दोघं एकाच तुकड्यात लावायचात तेव्हा. वीबेकाकांचा एखादा काढताना मातीत राहिला असेल. थंडी कडक पडली नाही तर तो कुजत नाही. पुढच्या वर्षी उगवतो, दुसऱ्याच्या वरंब्यात."

 हेस्सल उठला, पण या खेपेला खिडकीकडे गेला नाही. दाराशी लाकडी बूट पायात घातले आणि गोदामाकडे चालू लागला. आन्स्के कोट न घालताच मागे धावली. तोवर तो पेटी उचलून चराकडे निघालाही होता.

"बाबा, आज कशाला? उद्या जा. निदान मला बोलू द्या त्यांच्याशी."

"तुझं बोलून झालं," तो म्हणाला. "फळी धर. डगमगते आहे."

तिने फळी दाबून धरली. म्हातारा पेटीसकट पलीकडे गेला, आणि मागोमाग ती.

वीबे अंगणात लावणीच्या यंत्राची साखळी ग्रीसमध्ये बुडवत होता. चरापलीकडून कोण येतंय ते त्याने बघितलं आणि मान पुन्हा साखळीत घातली. हेस्सलने पेटी त्याच्या पायाशी ठेवली. वीबेला वाटलं, हा मिरवायला आलाय. तसं वाटणं चूक म्हणता येणार नाही.

"आणलास होय दाखवायला," वीबे साखळीलाच म्हणाला.

"बघ तर."

वीबेने हात पुसले. कितीही भांडण असलं तरी समोर बटाटा ठेवल्यावर न बघणारा माणूस बिल्टमध्ये जन्माला यायचा आहे. त्याने एक उचलला, वजन घेतलं, खिशातल्या चाकूने मधोमध कापला, वास घेतला, दोन्ही अर्धे एकमेकांवर घासले. "साल बरी आहे," तो म्हणाला. "डोळे जरा खोल. सोलताना बायका शिव्या देतील. वाईट नाही. पण आमच्या यित्स्केची सर नाही."

"नाही?"

"नाही. राग येऊ देऊ नकोस. पण नाही."

 इथेच थांबता आलं असतं. हेस्सलने पेटी उचलून घरी नेली असती, सोमवारी अर्ज गुपचूप मागे गेला असता, आणि वीबेला जन्मात कळलं नसतं. बापाने आन्स्केकडे एकदा बघितलं, आणि तिला कळलं की हा विचार त्याच्याही मनात येऊन गेलाय.

"वीबे, ही यित्स्केच आहे," हेस्सल म्हणाला. "तुझीच. इतकी वर्षं मी हिलाच माझी म्हणत होतो. ने आत."

वीबेने त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या अर्ध्या बटाट्याकडे, मग आन्स्केकडे. "हा काय बडबडतोय गं?"

"खरं आहे, वीबेकाका. मी तपासलं. सगळ्या खुणा जुळतात."

आता तो फुटेल, असं तिला वाटलं. सभागृहातल्या त्या संध्याकाळचा हिशेब चुकता करायला याहून चांगली संधी कोणाला मिळते? नुसतं 'पाणचट' एवढं म्हणाला असता तरी हेस्सल आडवा झाला असता. आन्स्के पुढे सरकली, म्हणजे काही बोलायची वेळ आली तर बोलता यावं.

पण वीबेने चाकू विजारीला पुसून मिटला, खिशात ठेवला, आणि विचारलं, "आणि तुझा?"

 इतके दिवस आन्स्केने हा बटाटा कोणाचा, एवढंच शोधलं होतं. बापाच्या खऱ्या बटाट्याचं काय झालं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. घरात कोणाच्याच आलं नव्हतं. आलं ते वीबेच्या.

हेस्सलने वळून चराकडे बघितलं. मग तो म्हणाला, "चराकडचा आपला एकत्र लावायचा तुकडा आठवतो? त्या हिवाळ्यात बर्फच धरलं नव्हतं. वसंतात माझ्या निवडलेल्याच्या जागी दोन झाडं आली. एक दणकट, एक किडकिडीत. मला वाटलं, किडकिडीत ते मागच्या वर्षीचं मातीत राहिलेलं. उपरं."

"हं."

"माझ्या हातानं उपटलं. टाकलं चरात."

वीबेने मान हलवली. "मीही तेच केलं असतं," तो म्हणाला. "कोणीही केलं असतं रे." तो पेटीच्या कडेवर टेकला आणि वर हेस्सलकडे बघू लागला. आवाज पूर्वी दोघं एका यंत्रावर बसत तेव्हाचा. "कसा होता? पहिल्या वर्षी काढलास तेव्हा हातात घेतला असशील ना. शेकडोंमधून उगाच नाही निवडलास."

"होता ना," हेस्सल म्हणाला. "चांगला होता. अगदी बघताक्षणी..." त्याने ओंजळ पुढे केली, जणू तो बटाटा तिच्यात आहे. "साल पिवळी. किंचित खरबरीत. आणि डोळे जरा..."

तो थांबला. त्याची नजर पेटीत गेली. तो सांगत होता ते सगळं तिथे ढिगाने पडलं होतं. त्याने डोळे मिटून परत सुरुवात केली. "आकाराने म्हणशील तर..." ओंजळ थोडी मोठी झाली, लहान झाली. आन्स्के त्याच्या हातांकडे बघत होती. वीबे वाट बघत होता, घाई न करता.

हेस्सलने हात खाली सोडले.

"आठवत नाही," तो म्हणाला. "वीबे, मला आठवतच नाही."